टेनिस पंधरा दिवसांचं, मग एवढा खर्च कशाला? मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरेनाची गोष्ट सोप्या भाषेत

जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन सुरू झाली की आपल्याकडे पहाटेपासून टीव्हीवर ते निळं कोर्ट दिसायला लागतं. २०२४ मध्ये रोहन बोपण्णाने वयाच्या ४३व्या वर्षी मॅथ्यू एब्डनला जोडीला घेऊन पुरुष डबल्स जिंकलं ते याच कोर्टावर, त्यामुळे रॉड लेव्हर अरेना हे नाव एरवी टेनिस न बघणाऱ्यांच्याही कानावर पडलंय. पण या बिल्डिंगबद्दल बऱ्याच जणांना एक प्रश्न पडतो आणि तो अगदी रास्त आहे. स्पर्धा जेमतेम पंधरा दिवसांची, मग उरलेले साडेअकरा महिने ही जवळपास १५ हजार सीटची बिल्डिंग करते काय? आणि व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने ही आणि तिच्या शेजारची स्टेडियम सुधारायला २०१० पासूनच्या बारा वर्षांत ९७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर घातले, ते लोकांच्या टॅक्सचे पैसे टेनिसवर का म्हणून घालायचे?

२०२५ मध्ये अमेरिकेच्या टेनिस संघटनेने न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश स्टेडियमचं, म्हणजे यूएस ओपनच्या मुख्य स्टेडियमचं, नूतनीकरण आणि खेळाडूंसाठी नवीन सेंटर मिळून ८० कोटी अमेरिकन डॉलरचा प्लॅन जाहीर केला तेव्हाही हाच विषय निघाला होता. म्हटलं एकदा नीट मांडूया. माझ्या मते सगळ्याचं मूळ एका गोष्टीत आहे, ते म्हणजे छत. मेलबर्नवाल्यांनी १९८८ मध्येच स्टेडियमवर उघडबंद होणारं छत टाकलं आणि त्या दिवसापासून ती जागा फक्त टेनिसची राहिलीच नाही. पुढचा सगळा खर्च, सगळी वाढ आणि सगळे वाद त्या एका निर्णयातून आलेत.

## मल्टीपर्पज अरेना म्हणजे नक्की काय

अरेना म्हणजे मधे सपाट जमीन आणि चारही बाजूंनी वर चढत जाणाऱ्या खुर्च्या. मल्टीपर्पज म्हणजे त्या मधल्या जमिनीवर आज टेनिस, परवा बास्केटबॉल, पुढच्या आठवड्यात गाण्याचा कार्यक्रम. आपल्याकडचं मंगल कार्यालय डोळ्यासमोर आणा. तो मालक नुसत्या लग्नाच्या तिथींवर जगत नाही, मुंजी, साखरपुडे, साड्यांचं प्रदर्शन, शाळेचं गॅदरिंग असं सगळं घेतो, हॉल तोच असतो फक्त मधली मांडणी बदलते, आणि त्याचा खरा तोटा कशात असतो तर रिकाम्या गेलेल्या तारखांमध्ये. अरेनाचंही गणित हेच, तारखा भरल्या पाहिजेत.

आता सगळेच खेळ कुठल्याही जागेत बसत नाहीत. टेनिसचं डबल्सचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद, पण खेळाडू बेसलाइनच्या बरंच मागे जाऊन खेळतात म्हणून मोठ्या स्पर्धेत आजूबाजूची मोकळी जागा धरून साधारण ३७ बाय १८ मीटर तरी लागतेच. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर. नेटबॉलचं, जो ऑस्ट्रेलियात बायकांचा फार मोठा खेळ आहे, ते साडेतीस बाय सव्वापंधरा. म्हणजे बघा, टेनिससाठी जो खड्डा लागतो त्यात हे दोन्ही खेळ आरामात बसतात आणि प्रेक्षकही जवळ राहतात. फुटबॉल किंवा क्रिकेट इथे बसूच शकत नाही, त्यासाठी रेल्वेच्या रुळांपलीकडे एमसीजी म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आहेच. टेनिसच्या अरेनाला दुसरी कामं का मिळतात याचं अर्धं उत्तर या मापांतच आहे. उरलेलं अर्धं उत्तर छतात.

## आधी कूयाँगचं गवत होतं

ऑस्ट्रेलियन ओपन १९०५ पासूनची. सुरवातीला ती एका शहरात नसायचीच, मेलबर्न, सिडनी, ॲडलेड, ब्रिस्बेन, पर्थ अशी फिरायची आणि दोनदा तर न्यूझीलंडमध्येही झाली. १९७२ पासून ती मेलबर्नच्या कूयाँग क्लबात स्थिरावली. गवताची कोर्ट, सुंदर जागा, पण शेवटी तो एक क्लब, वाढायला जागा नाही.

सत्तरच्या दशकात स्पर्धेची अवस्था अशी होती की मोठे खेळाडू यायचेच नाहीत. ब्यॉन बोर्ग अख्ख्या करिअरमध्ये एकदाच आला, १९७४ ला. जिमी कॉनर्स १९७४ आणि १९७५ ला आला, एकदा जिंकला, एकदा फायनल हरला आणि नंतर फिरकलाच नाही. लांबचा प्रवास, ऐन ख्रिसमस आणि नवीन वर्षाच्या तारखा, बक्षिसाची रक्कम कमी. तारखांचा घोळ तर इतका की १९७७ मध्ये जानेवारी आणि डिसेंबर अशा दोन ऑस्ट्रेलियन ओपन झाल्या आणि डिसेंबरवरून परत जानेवारीत यायचं म्हणून १९८६ मध्ये एकही झाली नाही. ग्रँड स्लॅमचा, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक असण्याचा, दर्जा हातचा जातो की काय अशी परिस्थिती होती.

तेव्हा व्हिक्टोरियाचे प्रीमियर म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री होते जॉन केन. त्यांच्या सरकारने ठरवलं की राज्याच्या पैशातून, शहराच्या मध्यापासून चालत जाता येईल अशा यारा नदीकाठच्या फ्लिंडर्स पार्कमध्ये नवीन टेनिस सेंटर बांधायचं. बागेची जमीन जाणार म्हणून विरोधही झाला आणि तो विरोध मला चुकीचा वाटत नाही, शहरातली मोकळी जमीन एकदा गेली की परत मिळत नाही. पण सरकारने हट्ट धरला आणि आर्किटेक्टना सांगितलं गेलं ते फक्त टेनिसचं स्टेडियम नव्हतं, वर्षभर वापरता येईल अशी जागा हवी होती.

## १९८८: छत पहिल्याच वर्षी कामाला आलं

११ जानेवारी १९८८ ला हे सेंटर उघडलं. सेंटर कोर्टवर उघडबंद होणारं छत. ग्रँड स्लॅमच्या कुठल्याही ठिकाणी असं छत त्याआधी नव्हतं आणि त्यानंतरही दुसऱ्या ग्रँड स्लॅमला ते मिळायला २००९ उजाडलं, विम्बल्डनच्या सेंटर कोर्टला.

आणि पहिल्याच वर्षी बायकांच्या फायनलला पाऊस आला. स्टेफी ग्राफ विरुद्ध ख्रिस एव्हर्ट, पहिला सेट नुकता सुरू झालेला, मॅच थांबवली, छत बंद केलं, आणि बाकीची मॅच छताखाली झाली. ग्रँड स्लॅमची फायनल छताखाली खेळली जाण्याची ही पहिलीच वेळ. ग्राफ ६-१, ७-६ जिंकली आणि त्या वर्षी तिने चारही ग्रँड स्लॅम आणि वर सोल ऑलिम्पिकचं गोल्ड असं सगळं घेतलं. त्या सगळ्याची सुरवात या छताखालून झाली. पुरुषांची फायनल पण जबरदस्त झाली, मॅट्स विलँडरने घरच्या पॅट कॅशला पाचव्या सेटमध्ये ८-६ असं हरवलं.

प्रेक्षकांचा आकडा बघा. १९८७ ला कूयाँगला साधारण १ लाख ४० हजार लोक आले होते, १९८८ ला नव्या जागी २ लाख ६६ हजारांच्या वर. एका वर्षात जवळजवळ दुप्पट. १९९६ ला फ्लिंडर्स पार्कचं नाव मेलबर्न पार्क झालं आणि २००० ला सेंटर कोर्टला रॉड लेव्हरचं नाव दिलं गेलं, ज्याने १९६२ आणि १९६९ अशी दोन वेळा एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकली होती.

अजून एक बदल झाला ज्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. गवत गेलं आणि हार्ड कोर्ट आलं. हार्ड कोर्ट म्हणजे खाली पक्का टणक थर आणि वर ॲक्रेलिकचे, म्हणजे एक प्रकारच्या रंगाचे थर. आधी रिबाउंड एस नावाचा हिरवा, रबरी प्रकार होता, तो कडक उन्हात चिकट होतो अशी खेळाडूंची तक्रार असायची, मग २००८ पासून निळं प्लेक्सिकुशन आणि २०२० पासून ग्रीनसेट. पण मल्टीपर्पजच्या दृष्टीने मुद्दा असा की गवतावर तुम्ही स्टेज टाकू शकत नाही, वरून हजारो लोक नाचवू शकत नाही, गवताला रोज ऊन पाणी आणि विश्रांती लागते. टणक जमीन झाकता येते, खराब झाली तर वरचे थर नव्याने देता येतात. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टलाही आज छत आहे पण खाली गवत आहे, त्यामुळे छत असूनही तिथे वर्षभर कॉन्सर्ट होत नाहीत. छत आणि टणक जमीन या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून मेलबर्नचं जमलं.

## छत सरकतं कसं, आणि ते नंतर का नाही टाकायचं

रॉड लेव्हर अरेनाच्या छताचे दोन मोठे भाग आहेत आणि ते रुळांवरून सरकतात, दोन्ही बाजूंनी मधे येऊन भेटतात. दिसायला सोपं पण त्या सरकत्या भागाचं वजन, वाऱ्याचा जोर आणि पावसाचं पाणी हे सगळं खालच्या खांबांना आणि पायाला झेलावं लागतं, आणि छत उघडं असताना तेच वजन कडेला जाऊन बसतं, म्हणजे भार एका जागी राहतच नाही. त्यात कॉन्सर्टवाले येऊन स्पीकर, लाइट, स्क्रीन असं कित्येक टन सामान छताच्या सांगाड्याला टांगतात, त्याला रिगिंग म्हणतात. सांगाडा तेवढा दणकट नसेल तर मोठे कार्यक्रम येतच नाहीत, त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.

आधी बिनछताचं बांधू आणि पुढे बघू, असं केलं की काय होतं त्याचं उदाहरण न्यूयॉर्क. आर्थर ॲश स्टेडियम १९९७ ला उघडलं, जगातलं सगळ्यात मोठं टेनिस स्टेडियम, २३ हजारांच्या वर सीट, छत नाही. नंतर २००८ ते २०१२ अशी सलग पाच वर्षं पावसामुळे यूएस ओपनची पुरुषांची फायनल रविवारची सोमवारी गेली. छत टाकायचं म्हटलं तर स्टेडियम ते वजन पेलू शकत नव्हतं आणि खालची जमीनही भुसभुशीत, कारण तिथे पूर्वी शहराची राख टाकायचे. शेवटी छतासाठी स्टेडियमच्या बाहेरून वेगळे खांब, त्यांचा वेगळा पाया असा स्टेडियमला हात न लावणारा दुसरा सांगाडाच उभारावा लागला, छताला वजनाने हलकं कापड वापरलं आणि २०१६ ला ते तयार झालं. खर्च १५ कोटी अमेरिकन डॉलर.

सगळीकडे सरकतंच छत हवं असंही नाही हां. सिडनीचं केन रोजवॉल अरेना २००० च्या ऑलिम्पिकच्या टेनिससाठी बांधलेलं, वर मोकळं आकाश. त्यावर जानेवारी २०२० च्या एटीपी कप या पुरुषांच्या सांघिक स्पर्धेच्या आधी ताणलेल्या कापडाचं छत टाकलं आणि ते सरकत नाही, कायमचं आहे, कडा मोकळ्या ठेवल्यात. ऊन पाऊस अडतो, नेटबॉलच्या मॅचेस होतात, आणि सरकत्या छताची मोटारी रुळांची भानगड नाही. ज्या गावाला ग्रँड स्लॅम सांभाळायची नाही त्याला हा पर्याय शहाणपणाचा आहे असं मला वाटतं. ग्रँड स्लॅमला मात्र उघड्या आकाशाखाली खेळणं हा मूळ नियम मानतात, म्हणून तिथे छत उघडता आलंच पाहिजे.

## टेनिस कोर्टाच्या जागी स्विमिंग पूल

मल्टीपर्पज हा शब्द ब्रोशरमध्ये सगळेच लिहितात, पण रॉड लेव्हर अरेनाने २००७ ला जे केलं ते बघितलं की त्या शब्दाचा अर्थ कळतो. त्या वर्षी २८ जानेवारीला रॉजर फेडररने फर्नांडो गोन्झालेझला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. आणि २५ मार्चला, म्हणजे दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, त्याच बिल्डिंगमध्ये जागतिक जलतरण स्पर्धेतल्या पोहण्याच्या शर्यती सुरू झाल्या. तात्पुरता ५० मीटरचा पूल अरेनाच्या आत उभा केला होता, त्याला ऑस्ट्रेलियाची ऑलिम्पिक विजेती सुझी ओनील हिचं नाव दिलं होतं.

जरा हिशोब करून बघा. ५० मीटर लांबी म्हणजे टेनिस कोर्टाच्या दुपटीपेक्षा जास्त, त्यामुळे नुसती कोर्टाची जागा पुरत नाही, टोकांकडच्या जागाही घ्याव्या लागतात. ५० बाय २५ बाय निदान २ मीटर खोल धरलं तरी २५ लाख लिटर पाणी, म्हणजे अडीच हजार टन वजन, ते सगळं जिथे आठ आठवड्यांपूर्वीपर्यंत सर्व्हिस चालली होती त्या जमिनीवर. शिवाय पाणी गाळायची, तापमान सांभाळायची मशिनरी, छताखालची दमट हवा, टायमिंगची यंत्रणा. मायकल फेल्प्सने तिथे सात गोल्ड मेडल जिंकली. मग पूल काढला, आणि पुढच्या जानेवारीत परत टेनिस, तेही नव्या निळ्या कोर्टावर. नोव्हाक जोकोविचने आपलं पहिलं ग्रँड स्लॅम २००८ मध्ये जिंकलं ते तिथेच. पुलाच्या आदल्या वर्षी म्हणजे २००६ ला कॉमनवेल्थ गेम्सचं जिम्नॅस्टिक्सही याच अरेनात झालं होतं.

शेजारी २००० मध्ये दुसरं सरकत्या छताचं अरेना उघडलं, साडेदहा हजार सीटचं. ते तर पहिल्यापासूनच दोन मापांचं बांधलं होतं, आत लाकडी सायकल ट्रॅक आणि त्यावर सरकत येणाऱ्या खुर्च्या. खुर्च्या आत ओढल्या की शर्यतीचा ट्रॅक मोकळा, बाहेर काढल्या की टेनिस नाहीतर बास्केटबॉल. २००६ च्या कॉमनवेल्थमधल्या ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती तिथे झाल्या. यातला तोटाही सांगायला हवा. प्रत्येक सोयीची किंमत असते, सरकत्या खुर्च्या कायमच्या खुर्च्यांइतक्या आरामशीर नसतात, आणि कॉन्सर्टला स्टेज एका टोकाला लागलं की त्याच्या मागच्या हजारो सीट विकता येत नाहीत.

## एवढं चाललं होतं तर २०१० ला परत खर्च का

कारण वीस वर्षांत बाकी जग पुढे गेलं. प्रेक्षक वाढले, चालायच्या वाटा, बाथरूम, खाण्याचे स्टॉल, खेळाडूंच्या खोल्या, टीव्हीवाल्यांची जागा हे सगळं ऐंशीच्या दशकातल्या गर्दीच्या हिशोबाचं होतं. मेलबर्नचा स्पर्धेबरोबरचा करार २०१६ पर्यंतच होता आणि २००८ मध्ये सिडनीच्या सरकारने ग्लीब आयलंडवर नवीन टेनिस सेंटर बांधून स्पर्धा आपल्याकडे ओढायचा विचार बोलून दाखवला. मेलबर्नला घाम फुटणं साहजिक होतं. जानेवारी २०१० ला व्हिक्टोरिया सरकारने पहिल्या टप्प्याचे ३६.३ कोटी डॉलर जाहीर केले आणि त्याच्या बदल्यात स्पर्धा २०३६ पर्यंत मेलबर्न पार्कमध्येच राहील असं ठरलं. म्हणजे हा पैसा एका अर्थाने भाडेकरू टिकवण्यासाठी घराची केलेली दुरुस्ती होती.

पहिल्या टप्प्यात सगळ्यात मोठं काम मार्गारेट कोर्ट या जुन्या टेनिसपटूच्या नावाच्या अरेनाचं, म्हणजे मार्गारेट कोर्ट अरेनाचं. आधी ते सहा हजार सीटचं उघडं कोर्ट होतं, त्याचं साडेसात हजार सीटचं सरकत्या छताचं अरेना झालं आणि २०१५ च्या स्पर्धेला छतासकट तयार झालं. छत बंद व्हायला साधारण पाच मिनिटं लागतात. यामुळे मेलबर्न पार्क तीन सरकती छतं असलेलं पहिलं ग्रँड स्लॅम ठिकाण झालं. शिवाय वर्षभर सरावासाठी इनडोअर आणि क्ले म्हणजे मातीची कोर्ट असलेलं राष्ट्रीय टेनिस सेंटर बांधलं.

दुसरा टप्पा ३३.८ कोटींचा, त्यात खुद्द रॉड लेव्हर अरेनाची आतून बाहेरून दुरुस्ती, मीडियाची नवीन बिल्डिंग आणि शहराकडून चालत येणाऱ्यांसाठी टँडेरम पूल, जो २०१७ च्या स्पर्धेआधी उघडला. तिसरा २७.१६ कोटींचा, त्यात जमिनीत खाली खणून बांधलेलं पाच हजार सीटचं किया अरेना आणि सेंटरपीस नावाची कार्यक्रमांची बिल्डिंग, २०२२ च्या स्पर्धेत किया अरेनावर खेळ सुरू झाला. तिन्हींची बेरीज ९७ कोटींच्या थोडी वर जाते.

यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट किया अरेना आहे. त्याला बंद होणारं छत नाही, फक्त प्रेक्षकांवर सावली आहे. सगळीकडे महागडं छत टाकायचा मोह आवरला, आणि कोर्ट जमिनीत घेतल्याने बाहेरून ते अंगावर येत नाही, येता जाता लोक सहज आत डोकावतात.

## पाडून एकदाच नवीन का नाही बांधलं?

कारण जानेवारी थांबत नाही. पाडून बांधायचं म्हणजे दोन तीन वर्षं ग्रँड स्लॅम दुसरीकडे न्यायची, आणि एकदा गेलेली स्पर्धा परत येईलच याची खात्री कोण देणार? म्हणून काम असं बसवलं की फेब्रुवारीत सुरू करायचं, पुढच्या जानेवारीआधी जागा खेळण्यालायक करायची, स्पर्धा संपली की परत खोदकाम. मार्गारेट कोर्ट अरेनावर २०१४ ला छताचं काम अर्धं असतानाच मॅचेस झाल्या. त्यात कॉन्सर्टच्या तारखाही आधी दिलेल्या असतात, त्या मोडल्या की उत्पन्न बुडतं. असं तुकड्या तुकड्यात बांधलं की खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात हे खरं, पण चालू दुकान बंद ठेवण्याचा तोटा त्याहून मोठा.

## टॅक्सचे पैसे कशाला, टेनिसवाल्यांनी भरावेत की

हा आक्षेप सगळ्यात वजनदार. न्यूयॉर्कच्या ८० कोटींच्या प्लॅनमध्ये तिथल्या टेनिस संघटनेने सरकारचा पैसा घेणार नाही असं सांगितलंय, मग मेलबर्नमध्ये वेगळं का? फरक मालकीचा आहे. मेलबर्न पार्क टेनिस ऑस्ट्रेलियाच्या, म्हणजे तिथल्या टेनिस संघटनेच्या, मालकीचं नाही, ती राज्याची मालमत्ता आहे आणि मेलबर्न अँड ऑलिम्पिक पार्क्स ट्रस्ट ही सरकारी संस्था ती चालवते. टेनिसवाले तिथले मोठे भाडेकरू. कॉन्सर्टचं, बास्केटबॉलचं भाडं ट्रस्टकडे जातं, आणि बाहेरची बरीच कोर्ट सामान्य माणसाला तासावर भाड्याने मिळतात.

तरी सरकारं जे मोठमोठे फायद्याचे आकडे सांगतात ते मी जपूनच घेईन. स्टेडियममुळे शहरात पैसा येतो असं म्हणताना बहुतेक वेळा हे विसरलं जातं की गावातल्याच माणसाने तिकिटावर घातलेले पैसे त्याने नाहीतर दुसरीकडे घातलेच असते, तो नवीन पैसा नाही. बाहेरगावाहून, बाहेरदेशाहून खास येणारा माणूस तेवढा नवीन पैसा आणतो, आणि ऑस्ट्रेलियन ओपनला असे लोक खरंच खूप येतात. २०२४ ला मुख्य स्पर्धेच्या प्रेक्षकांनी पहिल्यांदा दहा लाखांचा आकडा ओलांडला, २०२० ला तो ८ लाख १२ हजार होता. म्हणून मला हा खर्च समर्थनीय वाटतो, पण तो जागा वर्षभर चालते म्हणून. नुसत्या पंधरा दिवसांसाठी असता तर अजिबात वाटला नसता. आणि नदीकाठचं बिररंग मार पार्क स्पर्धेच्या दिवसांत स्पर्धेच्या हद्दीत जातं, ज्यांना टेनिसशी काही देणंघेणं नाही त्यांची बाग तेवढे दिवस जाते, हा तोटा कुठल्या आकड्यात धरलेला नसतो.

## छत बंद केलं की तो खेळ राहतो का

बदलतो, नक्कीच बदलतो. वारा नाही, डोळ्यात ऊन नाही, बॉलचा आवाज घुमतो, सर्व्हिस टाकणाऱ्याला सोपं जातं. म्हणूनच स्पर्धेत छत उगाच बंद करत नाहीत, पाऊस किंवा अति उष्णता हवी. २०१२ च्या जोकोविच आणि नदालच्या फायनलमध्ये चौथ्या सेटला ४-४ असताना पाऊस आला, छत बंद करून मॅच पुढे चालू झाली आणि ५ तास ५३ मिनिटांनी जोकोविच जिंकला. छत नसतं तर ती मॅच त्या रात्री संपलीच नसती.

उष्णतेचं प्रकरण तर आता पावसापेक्षा मोठं झालंय. २०१४ च्या स्पर्धेत सलग चार दिवस पारा ४१ अंशांच्या वर होता. २०१९ पासून हीट स्ट्रेस स्केल वापरतात, १ ते ५ अशी पट्टी, त्यात हवेचं तापमान, उन्हाची धग, दमटपणा आणि वारा असे चार घटक मोजतात. ५ वर गेलं की बाहेरच्या कोर्टांवरचा खेळ थांबतो आणि छतवाल्या अरेनांवर छत लावून चालू राहतो.

इथे एक अन्याय आहे. मोठ्या नावांच्या मॅचेस छतवाल्या कोर्टांवर लागतात, त्यांची मॅच वेळेत संपते, त्यांना पुढच्या फेरीआधी विश्रांती मिळते. रँकिंगमध्ये खाली असलेला खेळाडू बाहेरच्या कोर्टावर पाऊस थांबायची वाट बघत बसतो आणि मग त्याला लागोपाठच्या दिवशी खेळावं लागतं. छतं एकावरून तीन केल्याने हा फरक थोडा कमी झाला, गेलेला नाही. २०२० च्या जानेवारीत वणव्यांचा धूर शहरावर आला तेव्हा क्वालिफायिंगच्या म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठीच्या मॅचेस बाहेरच्या उघड्या कोर्टांवरच चालल्या होत्या आणि स्लोव्हेनियाच्या दलिला याकुपोविचला खोकल्याने मॅच सोडावी लागली.

## नावं सारखी का बदलतात

शेवटचा एक नेहमीचा गोंधळ. अरेनाचं नाव कंपनीला काही वर्षांसाठी विकतात, त्याला नेमिंग राइट्स म्हणतात, आणि तेही उत्पन्नाचंच साधन. २००० ला उघडलेलं ते दुसरं अरेना आधी व्होडाफोन अरेना होतं, २००८ ला हायसेन्स अरेना झालं, २०१८ ला मेलबर्न अरेना. मार्गारेट कोर्टच्या नावावर वेगळाच वाद आहे, २४ ग्रँड स्लॅम सिंगल्स जिंकलेली खेळाडू, पण समलिंगी विवाहाबद्दलच्या तिच्या मतांमुळे ते नाव काढा अशी मागणी बरीच वर्षं होतेय.

जॉन केन २०१९ च्या डिसेंबरमध्ये वारले. वर्षभराने सीबस नावाच्या पेन्शन फंडाने त्या दुसऱ्या अरेनाचे नेमिंग राइट्स घेतले आणि स्वतःचं नाव न लावता तिथे जॉन केन यांचं नाव लावलं. तेव्हा जुन्या क्लिपमध्ये व्होडाफोन किंवा हायसेन्स अरेना दिसलं आणि आताच्या मॅचमध्ये जॉन केन अरेना ऐकू आलं, तर ती एकच बिल्डिंग आहे.